गोड की खारं

एरंगळचा बावतीस डाव्या कानाने बहिरा,
उजव्याने अर्धा.
म्हणून तो लांब स्क्रूड्रायव्हर दातात धरतो,
टोक टेकवतो बेअरिंगच्या घरावर
आणि डोळे मिटतो.
आवाज म्हणे जबड्यातून वर जातो.

लकडी बंदर. अष्टमीची भांग,
पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.
बोट ठोकळ्यांवर उभी, आणि हाशम दलाल
तिसऱ्यांदा सांगतोय,
"सत्त्याण्णवची आहे बाई. डॉक्टरची होती.
फक्त रविवारी काढायचे."

डॉक्टरांना मी ओळखते.
एकतीस वर्षं वडाळ्याला, पोर्ट ट्रस्टच्या इस्पितळात,
मेल मेडिकल, रात्रपाळी.
फक्त रविवारी, असं म्हणणारे
दारूबद्दल बोलत असायचे.

इंजिन आत, पाय बाहेर.
बावतीस या मशीनला घरजावई म्हणतो:
बसतो आत, पाय पसरतो बाहेर,
आणि सगळ्यांपेक्षा जास्त खातो.

पायावर ताजा काळा रंग.
जस्ताच्या वड्यांवरही रंग.
बावतीस थुंकला.
समुद्राने दुसरं काही खाऊ नये
म्हणून त्याच्यापुढे ठेवलेलं ते जस्त.
तेच झाकलं, तर तो खाणार काय?

पाय दोन्ही हातांनी हलवला, आडवा, उभा.
रबरी भात्याची घडी नखाने उघडली.
चिरा. बारीक, टाचेला पडतात तशा.
मग पाठीच्या फळीवर बोटाच्या पेराने
टक टक टक टक
ढब.
मागे आला. ढब.
खडूने गोल काढला, तळहाताएवढा.
छातीतलं पाणी आमच्याकडे असंच शोधायचे.

मी झाकण उचलून इंजिनावर हात ठेवला.
कोमट.
आम्ही यायच्या आधी चालवून ठेवलेलं.
पेशंटही तपासणीच्या आदल्या दिवशी भात सोडतात,
साखर सुंदर येते.
"उद्या येतो," मी म्हटलं. "किती वाजता ते सांगत नाही."

निघताना बावतीसने खालचा स्क्रू ढिला केला.
तेल आलं टपरीवरच्या चहाच्या रंगाचं.
हाशम आभाळ बघायला लागला.
लघवी तपासायची बाटली माझ्या पर्समध्ये असते,
अजून.
भरून घेतली.

रात्रभर फ्रिजच्या डोक्यावर.
भाचा म्हणाला, मावशी, एफडी कर.
सकाळी बाटलीत दोन थर,
वर दुधी तेल, खाली नखाएवढं पाणी.

साडेपाचला बंदरावर कुत्री आणि आम्ही.
सिरिंजने तळातलं खेचून दिलं.
बावतीसने जिभेवर थेंब घेतला. थुंकला.
अजून एक थेंब.
"खारं नाय," म्हणाला.
"खारं असतं तर सील गेलं, गिअर गेले,
आपण चहा पिऊन घरी.
हा घाम. उभी राहून राहून सुटतो.
चार पावसाळे पडून असेल. पाच.
कोणी हाक नाय मारली."

मी एप्रिलमध्ये रिटायर झाले.
त्याला ते माहीत नव्हतं.

हाशम लुंगी सावरत आला, वाटेपासूनच बोलत.
पायाला पाण्याची नळी लावली, सलाइनसारखी.
थंड इंजिन. किल्ली.
खोकलं. पुन्हा किल्ली. निळा धूर,
मग कमी निळा,
मग एक घरघर, जी थांबली नाही.

बावतीस ऐकत राहिला, बराच वेळ.
मग डोळे न उघडता
स्क्रूड्रायव्हर पदराला पुसून माझ्याकडे दिला.
माझ्याच पदराला.

दातात लोखंडाची चव,
खाली कुठेतरी जात्यात वाळू.
बेअरिंग. बाकी सगळं गोल फिरतंय.

मी हाशमला सांगितलं: भाता, बेअरिंग,
फळीतला तो गोल, जस्त नवं,
आणि दोन लाख कमी.

त्याला एक अक्षर कळलं नाही.
स्क्रूड्रायव्हर अजून तोंडातच होता.